मोडी कागदावरून पूर्वजाचा काळ कसा ठरवावा?

प्रश्न (रावपुरा, बडोदे)
आमचे खापरपणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1875 नंतर, बडोद्यास आले आणि गायकवाडांच्या पागेत, म्हणजे घोडदळात, सिलेदार झाले, असे घरात सांगत आले आहेत. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या नावाचा एक मोडी कागद सापडला. माझ्या काकांना मोडी थोडीफार लागते. त्यांनी माथ्यावरची ओळ ‘समान सितैन मयातैन व अलफ, छ 12 साबान’ अशी वाचली आणि ही सामानाची यादी असावी, असे ठरवून टाकले. कागदावर इसवी सन कुठेच नाही. काळ कसा काढावा?

उत्तर 1
काकांचे वाचन अचूक आहे, अर्थ मात्र चुकला. ही सामानाची यादी नसून अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, आहे: समान म्हणजे 8, सितैन 60, मयातैन 200 आणि अलफ 1000, म्हणजे एकूण 1268. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीस, बदलतो. म्हणून इसवी सन काढण्यासाठी जून ते डिसेंबरच्या तारखेत 599 आणि जानेवारी ते मे अखेरपर्यंतच्या तारखेत 600 मिळवावे लागतात. ‘छ’ हे चंद्राचे, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तिथीचे चिन्ह आहे. त्या वर्षीचा साबान (शाबान) महिना नोव्हेंबरअखेरीस सुरू झाला होता, तेव्हा आपला कागद डिसेंबर 1867 चा ठरतो. त्या वेळी गादीवर खंडेराव महाराज होते आणि सयाजीराव अवघे चार वर्षांचे, आपल्या जन्मगावी कवळाण्यात होते. घरातली आख्यायिका आणि कागद यांचा मेळ बसत नाही, हे खरे. पण म्हणून आख्यायिका लगेच खोटी ठरवू नये.

उत्तर 2
वरच्या उत्तरास जोडून लिहितो. मराठी घरांत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्याने एकाच नावाची दोन माणसे एक पिढी आड येतात आणि पुढच्या पिढ्यांच्या बोलण्यात त्यांचे एकच माणूस होऊन बसते. माझ्या स्वतःच्या वंशवृक्षात मी तीस वर्षे अशाच एका जोड आजोबांना पूजत होतो. म्हणून नावाशी थांबू नका. ‘बिन’ किंवा ‘वलद’ या शब्दापुढे वडिलांचे नाव असते, ते वाचा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे ते आडनावाला चिकटलेले असेल. हुद्दाही नीट पाहा, कारण सिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, तर बारगिराला सरकारी घोडा मिळे. त्यानंतर कोठीच्या आवारातल्या दप्तरभांडारात चौकशी करा. नुसते आडनाव सांगून तिथे काही निघत नाही. खाते, साल आणि बडोदे, कडी, नवसारी, अमरेली यांपैकी प्रांत सांगितला तर रुमाल (कागदांचे बांधलेले गाठोडे) शोधता येतो. मूळ गाव ठाऊक असल्यास नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात, कारण यात्रेला आलेल्याने भावांची व मुलांची नावे तिथे लिहून ठेवलेली असतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
भिंगाखाली कागद पुन्हा पाहिला. ‘बिन’पुढचे नाव आमच्या माहितीतल्या खापरपणजोबांच्या वडिलांचे नाही, तेव्हा हे बहुधा त्यांचे आजोबा असावेत, म्हणजे घराणे सांगतात त्याच्याही आधी इथे आले. हुद्दा ‘बारगीर’ असा स्पष्ट आहे. घोडा आमचा नव्हता, हे काकांना अजून सांगितलेले नाही.