शनिवारची वन-टू-वन प्रॅक्टिस: 13 जणांचं काय करू?

मंडळी, शनिवारी 13 ग्रुप लीडर वन-टू-वनची, म्हणजे समोरच्याला समजून घ्यायच्या दोघांच्या गप्पांची, प्रॅक्टिस करायला येतायत. तिघातिघांचे गट करायचे: एक विचारणार, एक बोलणार, तिसरा गप्प बसून बघणार. 15 मिनिटं गप्पा, मग 5 मिनिटं तिसऱ्याने काय दिसलं ते सांगायचं, आणि रोल बदलायचे. तासाभरात तीन राउंड. पण एक जण उरतो! आणि प्लीज, मागच्या वेळची ती 22 प्रश्नांची शीट कोणी आणू नका.
– समन्वयक

टोमणा पोचला. ती शीट आमच्या सबकमिटीने नवख्यांना आधार म्हणून बनवली होती, कोणी मदतीला आलं नव्हतं तेव्हा. सरळ जोड्या करा. सहा जोड्या, तेरावा मी, घड्याळ बघतो.
– माजी खजिनदार

काका, रागावू नका, पण त्या दिवशी तुमच्यासमोर मीच बसले होते. मी म्हटलं आई गेल्यापासून मी कशातच नव्हते, तुम्ही "हं" केलंत, शीटवर बोट पुढे सरकवलंत आणि विचारलंत, "आठवड्याला किती तास देऊ शकाल?" "मग आता का यावंसं वाटलं?" एवढं विचारलं असतंत तरी मी अर्धा तास बोलले असते. बघणारा तिसरा असता तर त्याने ते बोट पाहिलं असतं. तिघंच हवेत.
– बालवर्गवाली

+1. सॉल अलिन्स्की यांनी 1940 मध्ये शिकागोत सुरू केलेल्या इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशनचे, म्हणजे वस्त्यांतल्या लोकांना संघटित करणाऱ्या संस्थेचे लोक अशा भेटी वर्षानुवर्षं घेत आलेत, साधारण अर्धा-पाऊण तास, आणि त्या काम गळ्यात मारायला नसतात, समोरच्याला कशाची तळमळ आहे ते कळायला असतात. 1952 मध्ये अलिन्स्कींचा सहकारी फ्रेड रॉस हा पुढे अमेरिकेतल्या शेतमजुरांचे नेते झालेल्या सेझार चावेझना भेटायला गेला तेव्हा चावेझ आधी त्याला टाळतच होते, तरी तो परत परत गेला. आपण एक फोन उचलला नाही की नाव खोडतो.
– लायब्ररीवाला

चावेझ राहू दे, अनोळखी माणसाशी सोपं असतं हो. मी आणि वहिनी दहा वर्षं एकाच कमिटीत, तिला खोटंखोटं काय विचारू?
– साउंडवाला

भाऊजी, मी नोकरी का सोडली ते दहा वर्षांत एकदा तरी विचारलंत?
– वहिनी

...
– साउंडवाला

बरं, काका घड्याळ बघणार असतील तर 12 उरले, चार गट. सुटलं! एकच सांगते, समोर बसून कोणी लिहून घेऊ नका. लिहायचंच तर घरी जाऊन.
– समन्वयक

घड्याळ बघतो म्हणालो ते जोड्या केल्या तर. मलाही राउंड हवाय. बालवर्गवाल्या ताईंसमोर बसवा, चालणार असेल तर. शीट आणत नाही.
– माजी खजिनदार

चालेल काका.
– बालवर्गवाली

म्हणजे परत 13! मग एक गट चौघांचा, बघणारे दोन. त्यांना 20 मिनिटं जास्त लागतील, तोवर बाकीचे खुर्च्या आवरतील. हॉलची किल्ली कोणाकडे आहे?
– समन्वयक