सातवा महिना, आजोबांचा सागवानी पलंग आणि बाळाचा कॉट: घरी काय करावं, काय करू नये?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार. मला सातवा लागलाय. माहेर गावातच, अक्कलकोट रोडला. बाळंतपणानंतर सव्वा महिना तिकडे राहून बाळाला घेऊन इकडे येणार. त्याच्या आत बाळाचा कॉट तयार करायचा आहे, तोही आजोबांच्या पलंगातून. गिरणीत कामाला असताना त्यांनी हा सागवानी पलंग करून घेतला होता. नंतर कुणीतरी त्याला हिरवा ऑइलपेंट फासला. पायांजवळ पोपडे सुटलेत. एक पोपडा नखानं उचलला तर खाली तपकिरी थर, आणि त्याच्याखाली मधासारखं पिवळं लाकूड. ते बघितल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

मला हे काम येतं. स्वयंपाकघरातली फळ्यांची मांडणी मीच केली आहे, घरात ड्रिल आहे, करवत आहे. पॉलिश पेपरनं रंग घासून काढायचा, गज बसवायचे आणि पॉलिश मारायचं, असा विचार आहे. शिवाय बाळाच्या कपड्यांसाठी प्लायचं छोटं कपाट. घरचे म्हणतात, "या दिवसांत कशाला, तयार आणू." मला तयार नकोय. यातलं कुठलं काम मी स्वतः करू शकते, तेवढं जाणकारांनी सांगावं.

रसायन_शिकवतो:
ताई, तो रंग तुम्ही घासू नका. नखानंही काढू नका, काढलाच असेल तर हात साबणानं धुवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. तुमचा पलंग त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ होते, ती श्वासातून आणि हातावाटे पोटात जाते. आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधतं. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. हीट गनही नको, तापलेल्या रंगाची वाफ तितकीच वाईट.

हे काम घराबाहेर, दुसऱ्या कुणीतरी, लाकूड ओलं ठेवून करायचं. खाली प्लास्टिक अंथरायचं, खरवड त्यातच गुंडाळून टाकायची. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. काम करणाऱ्यानं अंगावरच्या त्याच कपड्यांनी घरात यायचं नाही. थिनरलाही तुम्ही हात लावू नका. सोलापूरच्या उन्हात दुपारी आपण दारं-खिडक्या लावून बसतो, मग तो वास खोलीतच कोंडून राहतो.

सुतारकाम_होटगी_रोड:
सरांनी सांगितलं ते खरं आहे. पलंग सुताराकडे टाका, पण रंग ओला करूनच काढायचा हे बजावून सांगा, नाहीतर तो सरळ मशीन लावतो. रंग निघाला, लाकूड धुऊन पुसून वाळलं, की मग घरी आणा. रंगाचा एक ठिपकासुद्धा राहता कामा नये, कारण बाळाला दात यायला लागले की ते कॉटची कड चावतं.

आता मापं. दोन गजांमधली फट २ इंच ३ सुतापेक्षा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त नको. जास्त ठेवली तर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. गादी सगळ्यात खालच्या पातळीवर असताना गादीच्या फळीपासून वरच्या कडेपर्यंत निदान २६ इंच हवेत. गादी घट्ट हवी, आणि गादी व कठडा यांच्यात दोन बोटं शिरली तर गादी लहान आहे असं समजा. कोपऱ्याच्या खांबांवर गोल मुठी काढू नका, त्यात झबलं अडकतं. खालीवर सरकणारी बाजू तर करूच नका. अमेरिकेत तसले कॉट २०११ साली बंदच केले. चारही बाजू पक्क्या ठेवा.

गज कापणं, पलंगाचे पाय उचलणं हे घरच्या माणसाला द्या. पोट पुढं आलं की तोल बदलतो, म्हणून स्टुलावर चढून ड्रिल मारायचं नाही. तुम्ही मापं घ्या, खुणा करा, कोणता गज कुठं ते ठरवा. कॉट चांगला दिसणार की नाही, ते तिथंच ठरतं.

दोन_लेकरांची_आई:
कपाटाबद्दल माझं. दुकानात ई-झीरो लिहिलेलं, म्हणजे गोंदातून फार कमी वायू सुटणारं प्लाय मागा. पार्टिकल बोर्ड घेऊ नका, त्यातल्या गोंदाचा वास डोळ्यांना झोंबतो. कपाट आत्ताच करून घ्या आणि बाळ येईपर्यंत दारं उघडी टाका. भिंतीत गिट्टी ठोकून कपाट वरून एल पट्टीनं भिंतीला पक्कं कराच. रांगणारं मूल ड्रॉवर ओढून त्यावर चढतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं.

आणि कॉटमध्ये उशी, लोड, गोधडी काही ठेवू नका. आजी कितीही म्हणाली तरी.

जुळे_सोलापूरकर:
मनापासून आभार. हात धुतले, आणि जमिनीवर पडलेले पोपडे यांनी ओल्या फडक्यानं उचलले. पलंग उद्या सुताराकडे जाईल. मापं मी काढते, गज यांच्याकडून कापून घेते. शेवटचा प्रश्न: पॉलिशऐवजी जवसाचं तेल लावलं तर? ते मला हातानं लावता येईल ना?

सुतारकाम_होटगी_रोड:
लावा की. पण घाण्याचं कच्चं तेल घ्या, हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' नको, त्यात सुकवायला रसायन घातलेलं असतं. कच्चं तेल सुकायला वेळ लागतो, म्हणून पातळ हात मारा आणि मध्ये बरेच दिवस जाऊ द्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात, आपल्या उन्हात तर लवकरच. पाण्यात भिजवून दोरीवर एकेक पसरून वाळवा. सांध्यांचे फोटो टाका, मी बघून सांगतो.