चेहऱ्याला सोसेल अशी मिनरल पावडर: तुमचे अनुभव सांगा

गिरगावची

मार्चमध्ये चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी पहिल्यांदाच लूज मिनरल फाउंडेशन, म्हणजे खनिजांची सुटी पावडर, घेतलं. 'मिनरल' म्हटल्यावर त्रास होणारच नाही असं धरून चालले होते. मंगलाष्टकं संपायच्या आत गालांना खाज सुटली, आणि घरी येऊन चेहरा धुतला तर दोन्ही गालांवर लालसर पुरळ. डबीच्या बुडावरचं बारीक अक्षर दिसेना, म्हणून मोबाइलवर फोटो काढून मोठं करून वाचलं. सुरुवातीलाच बिस्मथ ऑक्सिक्लोराइड होतं. त्या पावडरीला मोत्यासारखी चकाकी येते ती याच्यामुळे, आणि काही जणींना खाज सुटते तीही याच्यामुळेच, घाम आला की जास्तच.

पुढची डबी ते नसलेली घेतली. अभ्रक, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड, बस. ऑक्टोबरच्या उकाड्यातही खाज आली नाही. पाकिटावर बिस्मथचं नाव सापडलं नाही तर सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक) ७७१६३ हा आकडा शोधा, तेच ते.

आपल्या दमट हवेत तुम्हाला काय चाललं, काय नाही, ते सविस्तर लिहा. त्वचा तेलकट की कोरडी, रंग कसा, हे मात्र आवर्जून सांगा. तेलकट त्वचेला चाललेलं कोरडीला चालेलच असं नाही.

निळी_छत्री

त्वचा तेलकट. रोज कल्याण ते सीएसएमटी, सकाळची फास्ट. घाटकोपर येईपर्यंत नाकाच्या बाजूंना आणि वरच्या ओठावर पावडरीचे ठिपके जमायचे. बरेच दिवस मी पावडरीलाच दोष देत होते. चूक होती ती घाईची: मॉइश्चरायझर ओलं असतानाच वरून पावडर लावत होते, ती तिथेच चिकटून गोळा व्हायची.

आता मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावते आणि डबा भरायला घेते. पोळ्या गुंडाळून, भाजी भरून होईपर्यंत दहा-बारा मिनिटं जातात, तेवढ्यात चेहरा कोरडा होतो. मग झाकणात अगदी चिमूटभर पावडर, त्यात ब्रश गोल फिरवायचा, कडेवर टकटक करून जादाची झाडायची आणि मगच चेहऱ्याला लावायचा. गाडीत घाम आला तर पुसत नाही, सुती रुमाल नुसता टेकवते. पुसलं की पट्टे पडतात.

पावसाळ्यात डबी बाथरूममध्ये ठेवू नका आणि धुतलेला ब्रश पुरता वाळल्याशिवाय डबीत घालू नका. या पावडरीत पाणी नसतं म्हणून ती टिकते, ओल लागली की खराब होऊ शकते. माझा ब्रश जुलैत पंख्याखाली दोन दिवस घेतो.

जास्वंदी

मी शेडबद्दल लिहिते, कारण त्याचा मला फार त्रास झालाय. माझा रंग सावळा, झाक पिवळट. दादरला एका दुकानात काउंटरवरच्या मुलीने माझ्या चेहऱ्याकडे बघून सरळ दोन शेड उजळ डबी काढली. "ताई, यात तुम्ही फ्रेश दिसाल." मी माझ्या रंगाची मागितली तर म्हणाली, ती कुणी घेत नाही म्हणून ठेवत नाही. ट्यूबलाइटखाली बरं वाटलं म्हणून घेतली. प्लाझासमोर उन्हात आले तेव्हा मैत्रिणीने विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?" चेहरा राखेसारखा दिसत होता आणि मान माझी स्वतःची.

टायटॅनियम डायऑक्साइड पांढरंशुभ्र असतं. उजळ शेडमध्ये ते सहसा जास्त, त्यामुळे सावळ्या रंगावर ते राखाडी दिसतं. फ्लॅशच्या फोटोत तर आणखीच. आता मी अशी घेते: जबड्याच्या कडेला तीन शेडची तीन बोटं ओढायची, दुकानाच्या दारात उजेडात जायचं, छोटा आरसा आपलाच न्यायचा. जी शेड मानेत विरून जाते ती आपली. तरीही लगेच पैसे देत नाही. बाहेर चहा घेऊन अर्ध्या तासाने परत बघते, कारण चेहऱ्याच्या तेलात मिसळून काही पावडरी गडद होतात. सध्या मी दोन शेड मिसळून वापरते, उन्हाळ्यात गडद जास्त. आपल्याला आपल्याच रंगाची डबी मागावी लागते आणि ती मिळत नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

शिंपला

दमा असलेल्यांनी लूज पावडर जपून. ब्रश झटकला की धूळ उडते आणि मला लगेच खोकला येतो. मी दाबून बसवलेली, कॉम्पॅक्टसारखी घेते.

तुळशीवृंदावन

शाकाहारी असणाऱ्यांसाठी: मिनरल ब्लशमध्ये लाल रंगासाठी कधीकधी कार्माइन असतं, सीआय ७५४७०. ते किड्यांपासून काढतात. आमच्याकडे चालत नाही, म्हणून मी आधी ते बघते.

पारिजात_४७

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आला. तो झाकायला पावडर थरावर थर लावायची आणि सनस्क्रीन सोडून दिलं, कारण पावडरीवर एसपीएफ लिहिलेलं होतं. त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं की तेवढं संरक्षण मिळायला जितकी पावडर लागेल तितकी कुणीच लावत नाही. सनस्क्रीन आधी, पावडर वरून. एक गोष्ट मात्र त्यांनी पावडरीच्या बाजूने सांगितली: वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो आणि आयर्न ऑक्साइड तो उजेड काही प्रमाणात अडवतं. म्हणून त्यांनी सनस्क्रीनही रंगाचं दिलं. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीत उभी राहून फोटो काढते. डाग गेलेला नाही, पण पसरलेलाही नाही.

कैरी_पन्हं

मुलगी अकरावीत आहे. कपाळावर पुळ्या, रंग सावळा. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी हवी आहे. काय घेऊ?

गिरगावची

पिकलेल्या पुळ्या असतील तर आधी डॉक्टर. ब्रश तिचा एकटीचा ठेवा आणि दर आठवड्याला सौम्य शाम्पूने धुवा. माझ्या भाचीच्या कपाळावरचं तेवढ्यानेच बरंच कमी झालं. बिस्मथ नसलेली, छोटी डबी घ्या.

जास्वंदी

कैरी, शेडसाठी एकटीला दुकानात पाठवू नका. शनिवारी चार वाजता मी दादरलाच आहे. माझ्या दोन्ही डब्या आणि आरसा घेऊन येते. तिला जबड्यावर लावून उन्हात बघू, मग काय मागायचं ते तिला नीट कळेल.