हलक्या रानात तुरीला युरिया: गरज की नुसती सवय?

बरडवाला:
पटलं नाही तर झोडा, पण मुरमाड रानात तूर, मूग, उडीद पेरून वर युरियाची फेक करायची जी सवय लागलीय ती मला सरळ पैसे उधळणं वाटते. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, तो धरून द्यायला मुळाच्या गाठीत रायझोबियम हा जिवाणू बसतो, पण रोपाने आत घेतला तरच, आणि रोप त्याला घेतं कधी तर जमिनीत नत्र कमी असतं तेव्हा. मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतात, ते ओळखून जिवाणू उलट रसायन सोडतो, मुळावरचा केस वळतो, जिवाणू आत शिरतो, गाठ धरते. आयता नायट्रेट, म्हणजे खतातलं तयार नत्र, मिळाला की रोप हा खटाटोप कमी करतं, कारण गाठी पोसायला त्याची साखर जाते. म्हणजे ही जोडी जमते ती नत्राची तंगी असलेल्या जमिनीतच, आणि तिथेच आपण पोतं रिकामं करतो.

पिवळं_पान:
लिहायला काय जातंय. पेरून तीन आठवड्यांनी रान पिवळंधमक पडतं तेव्हा फ्लॅव्होनॉइड बघत बसू का? गाठी काय दुसऱ्या दिवशी होत नाहीत, दोन-तीन आठवडे जातात, तोवर रोपाने खायचं काय? शिफारससुद्धा हेक्टरी 25 किलो नत्र, 50 किलो स्फुरद (फॉस्फरस) अशी आहे, शून्य नत्र नाही. ती करणारे येडे आहेत का?

बरडवाला:
पेरणीच्या नत्राला कुठं नाही म्हणतोय. एकरी डीएपीची एक बॅग टाकली की 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद पडलं, शिफारस झाली की जवळजवळ पुरी. माझं भांडण त्याच्यानंतर जो युरिया पडतो त्याच्याशी.

माती_तपासा:
दोघंही नत्रावरच अडकलात. गाठीतलं नायट्रोजिनेज हे विकर हवेतल्या नायट्रोजनचा एक रेणू फोडायला 16 एटीपी, म्हणजे पेशीतलं स्फुरदवालं इंधन, खातं, त्यामुळे स्फुरद कमी पडलं की गाठी बारीक आणि मोजक्याच. शिवाय त्याला लोह आणि मॉलिब्डेनम लागतं. जमीन फक्त नत्राने गरीब आणि बाकी सगळं भरलेलं असं रान मला तरी दाखवा. तूर त्यातल्या त्यात हुशार, लाल मातीत लोहाला चिकटलेलं स्फुरद ती मुळातून पिसिडिक आम्ल सोडून मोकळं करते, हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेतलं हे काम 1990 ला 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलं होतं. पण आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद जास्त करून कॅल्शियमला बांधलेलं असतं, तिथे ही युक्ती तितकी चालत नाही. 'कडधान्य आहे, बघून घेईल' असं म्हणून मोकळं होता येत नाही.

पाकीट_नको:
आणि ते बियाण्याला चोळायचं रायझोबियमचं पाकीट? दुकानात पत्र्याखाली तापलेलं असतं, त्यात जिवंत काय राहणार. तूर, मूग, चवळी यांना चालणारे जिवाणू आपल्या मातीत आधीपासून आहेत. कशाला विकत घ्यायचं?

माती_तपासा:
तुरीपुरतं एकवेळ मान्य. सोयाबीन बाहेरून आलंय, त्याचा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम, वेगळा, हरभऱ्याचा आणखी वेगळा, पहिल्यांदा पेरताय तर रानात तो असेलच असं नाही. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या शास्त्रज्ञ बाईंनी आग्रह धरला म्हणून तिथलं सोयाबीन जवळजवळ नत्रखताशिवाय, नुसत्या जिवाणूंवर उभं राहिलं. पाकीट सावलीत ठेवणाऱ्या दुकानातून घ्या, तारीख बघा, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, आधी बुरशीनाशक मग हे, सावलीत सुकवून लगेच पेरा.

खवचट_खानदेशी:
'जोडी' वगैरे ऐकून गंमत वाटली. 2003 ला कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथे आर्गॉन भरला, म्हणजे जिवाणूने मनात आणलं तरी नत्र देता येणार नाही. रोपाने अशा गाठींचा ऑक्सिजन कमी केला आणि आतल्या जिवाणूंची वाढ साधारण निम्म्यावर आली. काम नाही तर रसद बंद, कसली जोडी अन् काय.

बेवडप्रेमी:
असू दे की, हिशोब आहे म्हणून तर टिकलंय. मला खटकतं ते वेगळंच. सोयाबीन केलं की जमिनीत नत्र राहतं असं सगळे ठोकून देतात, पण गाठीतलं बरंचसं नत्र दाण्यात जातं आणि दाणा बाजारात, भुसकटही शेताबाहेर गेलं की शिल्लक काहीच नाही, कधीकधी वजाच. तुरीचा बेवड, म्हणजे मागे राहणारा कस, चांगला कारण तिचा पाला रानातच गळतो.

कातळावरचा:
आमच्याकडे कोकणात भात कापला की त्याच ओलीवर कुळीथ, वाल टाकतात. युरिया बघतच नाही कोणी.

पिवळं_पान:
अहो कुळथाला एवढ्याशा पाण्यावर जेवढं येतं तेवढ्यात तुम्ही खूश, मला एकरी उतारा पाहिजे. प्रवचन बास, माझ्या तुरीचं काय ते सांगा.

माती_तपासा:
खुरप्याने मुळासकट चार झाडं काढा, उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ कापा. आत गुलाबी-लाल म्हणजे चालू, पांढरी किंवा हिरवट म्हणजे नत्र मिळत नाहीये. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोहाची कमतरता, तिथे युरिया वाया. पाणी साचलं होतं का तेही सांगा, गाठींना हवा लागते.

पिवळं_पान:
पाणी नव्हतं. पिवळी पानं खालची. दीड महिन्याची तूर, गाठी आहेत पण आतून पांढऱ्या. आता बोला.

माती_तपासा:
मग या वर्षी थोडा युरिया टाका, ओल असताना. बरडवाल्याचं ऐकून उभं पीक वाळवू नका. पण डीएपी टाकलं होतं की तेही राहिलं?

पिवळं_पान:
नाही टाकलं. मिळालंच नाही वेळेवर.

बरडवाला:
मग भांडण युरियाचं नव्हतंच की राव, स्फुरदाचं होतं.