टेक्सासच्या बार्नेट शेल या खडकाच्या थरातला गॅस परवडतो कसा?

विहीरवेडा: खडक एवढा घट्ट की गॅस हलतच नाही म्हणे, मग काढतात कसा आणि खर्च तरी निघतो का?

नाना_ह्यूस्टन: अरे खडकच फोडतात. आधी सरळ खाली ड्रिलिंग, मग बोअर आडवी वळवून किलोमीटरभर न्यायची, पाइपला भोकं पाडून पाणी नि रेती जबरी प्रेशरने मारायची, भेगा पडतात आणि रेतीचे दाणे त्या मिटू देत नाहीत. जॉर्ज मिचेलच्या कंपनीने 1998 च्या सुमारास महागड्या जेलऐवजी (घट्ट, चिकट द्रव) जवळपास साधं पाणीच वापरलं, तिथून गणित फिरलं.

खडूस_काका: कसलं गणित, पहिल्याच वर्षात उत्पादन धाडकन पडतं, की परत नवी विहीर खणा! 2008 ला गॅसचा भाव एमएमबीटीयूला (गॅस विकायचं उष्णतेचं माप) 13 डॉलरच्या आसपास, 2012 ला 2 च्या खाली. सगळ्यांनी एकदमच काढला ना.

विहीरवेडा: म्हणजे आपल्या कांद्यासारखंच झालं की :)