मदत हवी आहे: चमचे ठेवायची लाकडी डबी, झाकण अडकतंय

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहतो, रोज ट्रेनने ऑफिस. डब्याबरोबर चमचा-काटा रुमालात गुंडाळून न्यायचो, पण दर आठवड्याला एखादा चमचा ऑफिसच्या पॅन्ट्रीत राहायचा. बायको म्हणाली, आता घरात चमचे कमी आणि माणसं जास्त झालीत.

म्हणून जुन्या खिडकीच्या सागवानी चौकटीतून डबी केली. लांबी 21 सेंमी, रुंदी 5, झाकण खाचेतून सरकणारं. मे महिन्यात ते अगदी मख्खन सरकायचं. जुलै उजाडला आणि असं घट्ट बसलं की परवा ऑफिसात हातानेच भात खाल्ला. (चव जास्त लागली, तो भाग वेगळा.)

लाकूड दमट हवेत रेषेला आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच, हे आता कळलं. माझ्या झाकणाच्या रेषा लांबीत आहेत, म्हणजे फुगवटा नेमका रुंदीत. रंधा मारून दोन्ही कडा किती उतरवू? जास्त गेल्या तर हिवाळ्यात झाकण बॅगेतच गळून पडेल.

दुसरं, आतून काय लावू? हार्डवेअरवाला बॉइल्ड लिनसीड (लाकडाला लावायचं जवसाचं तेल) देतोय, पण त्यात बहुतेकदा लवकर वाळण्यासाठी रसायनं असतात. तोंडात जाणाऱ्या चमच्याजवळ नको वाटतं. खाण्याचं जवसाचं तेल आणि मधमाशांचं मेण कुणी वापरलंय का? पावसाळ्यात वाळायला किती दिवस लागले? खवट वास तर येत नाही ना?

शिवाय ठाण्यात तासाभरासाठी रंधा वापरू देईल असा कुणी सुतार माहीत असेल तर सांगा. माझ्या रंध्याचं पातं बोथट आहे.