युग्लीना हिरवी असूनही वनस्पतींच्या जवळची का नाही?

प्रश्न (शिक्षिका, इंदूर)
शिकवणीतील मुलांना सिरपूर तलावाच्या काठचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, तेव्हा एकाच थेंबात हिरवी युग्लीना आणि रंगहीन पॅरामेशियम हे एकपेशीय जीव दिसले. सजीवांना पाच सृष्टींत विभागणाऱ्या व्हिटाकर यांच्या १९६९च्या पंचसृष्टी वर्गीकरणानुसार दोन्ही प्रोटिस्टा सृष्टीत येतात. परंतु ही सृष्टी आता मानली जात नाही, असे वाचनात येते. एका मुलीने विचारले, की हिरवी युग्लीना वनस्पतींच्या जवळची नाही का? तिला काय सांगावे?

उत्तर १
नाही, असे निःशंकपणे सांगावे. युग्लीनाच्या पूर्वजाने एक हिरवे शैवाल गिळले आणि ते न पचवता आत टिकवले. त्याचेच पुढे हरितलवक, म्हणजे प्रकाशातून अन्न बनवणारा पेशीतला हिरवा भाग, झाले. वनस्पतींच्या हरितलवकाभोवती दोन पटले असतात, युग्लीनाच्या हरितलवकाभोवती तीन, ती याच घटनेची खूण. तिचे खरे जवळचे नाते ट्रिपॅनोसोमाशी आहे. आफ्रिकेत त्सेत्से माशीमार्फत निद्रारोग पसरवणाऱ्या या जीवात हरितद्रव्याचा मागमूसही नाही. पॅरामेशियमची वंशशाखा आणखी वेगळी. त्याच्या पेशीपटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर असतो. तसाच थर मलेरियाच्या प्लास्मोडियममध्येही आढळतो, म्हणून ही दोघे एका गटात येतात.

उत्तर २
मुळात जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८६६ मध्ये मांडलेला प्रोटिस्टा हा गट आज ‘प्राणी, वनस्पती आणि कवके वगळून उरलेले दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले) जीव’ एवढ्याच अर्थाने उरला आहे. माळव्यातील मुलांना बटाट्याचे उदाहरण चटकन पटेल. बटाट्यावर उशिरा येणारा करपा ज्या फायटोफ्थोरामुळे होतो, तो तंतूंमुळे हुबेहूब बुरशीसारखा दिसतो. पण त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि त्याचे नाते डायटम (एकपेशीय शैवाल) व तपकिरी शैवालांशी जुळते. उलट कोॲनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव प्राण्यांचे सर्वांत जवळचे नातलग आहेत. दिसण्यावरून नाते ठरवण्याची सवय इथे सोडावीच लागते.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. परीक्षेत मात्र काय लिहायला सांगावे?

उत्तर १
परीक्षेत पाठ्यपुस्तकाप्रमाणे प्रोटिस्टाच लिहावे. ते सोयीचे नाव आहे, वंशाचे नव्हे, एवढे वर्गात स्पष्ट करावे. शक्य झाल्यास त्याच पाण्यातील स्पायरोगायरा (वनस्पतींच्या जवळचे तंतुमय हिरवे शैवाल) आणि युग्लीना यांवर सौम्य आयोडीन टाकून पाहावे. स्पायरोगायरात पिष्टाचे कण निळे-काळे होतात. युग्लीना पिष्टाऐवजी पॅरामायलॉन हे वेगळे कर्बोदक साठवते आणि ते आयोडीनने निळे होत नाही, त्यामुळे फरक त्या मुलीला स्वतःच दिसेल.